भिंत उभी, खटला आडवा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या भिंतीविरुद्ध मात्र गेल्या वीस वर्षांत भलेभले ती पायरी चढले. पर्यावरण संस्था चढल्या, जमीनमालक चढले, आदिवासी, काउंट्या, राज्य सरकारं, फुलपाखरांची बाग चालवणारी मंडळी, इतकंच काय, अमेरिकी संसदेचं कनिष्ठ सभागृहही चढलं. बहुतेकांना हात हलवत परतावं लागलं. मजा अशी की 'भिंत बरोबर की चूक' या प्रश्नापर्यंत कोर्ट क्वचितच पोचलं. अर्ज कोणी केला, किती दिवसांत केला, कशाच्या आधारावर केला, यातच खटले अडकले. त्यातलेच हे काही चटकदार किस्से.

१. एक सही, तिसाहून जास्त कायदे गायब

सान दिएगोजवळच्या १४ मैलांच्या कुंपणाचं काम १९९६ च्या कायद्याने ठरलं होतं. २००४ साली कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टी आयोगाने त्यावर हरकत घेतली. मग संसदेने २००५ साली जालीम उपाय काढला. सीमेवरचं बांधकाम लवकर व्हावं म्हणून गृहसुरक्षा मंत्र्याला जो कायदा आड येतोय असं वाटेल, तो त्याने स्वतःच्या अखत्यारीत बाजूला ठेवावा! ही तरतूद आली 'रिअल आयडी' कायद्यातून, म्हणजे प्रामुख्याने ड्रायव्हिंग लायसन्सचे नियम कडक करणाऱ्या कायद्यातून. आणि तो कायदा मंजूर झाला युद्धखर्च व त्सुनामीग्रस्तांच्या मदतीच्या विधेयकाला जोडून. त्सुनामीग्रस्तांच्या मदतीला नाही कोण म्हणणार?

१ एप्रिल २००८ रोजी मंत्री मायकल चेर्टॉफ यांनी कॅलिफोर्नियापासून टेक्सासपर्यंत सुमारे ४७० मैलांसाठी तिसाहून जास्त कायदे बाजूला सारले. स्वच्छ पाणी, दुर्मीळ प्राणी, गरुडांचं संरक्षण, शेतजमीन, आदिवासींची दफनस्थळं, अगदी धर्मस्वातंत्र्याचा कायदासुद्धा त्यात होता. तारीख एप्रिल फूलची, पण प्रकार शंभर टक्के खरा.

२. सही करणारे कोण? माजी न्यायाधीश!

मंत्री होण्याआधी चेर्टॉफ फेडरल अपील कोर्टात न्यायाधीश होते, २००३ ते २००५. कायदा कसा लावायचा हे ठरवणारा माणूस दोन-तीन वर्षांत कोणता कायदा लावायचाच नाही हे ठरवू लागला.

३. कोर्टाने स्टे दिला, मंत्र्याने कायदाच काढून घेतला

ॲरिझोनातल्या सान पेड्रो नदीचा काठ म्हणजे पक्ष्यांचं माहेरघर. तिथल्या कुंपणाचा पर्यावरण-अभ्यास नीट झालेला नाही, असं म्हणत 'डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ' आणि 'सिएरा क्लब' या संस्था वॉशिंग्टनच्या कोर्टात गेल्या. ऑक्टोबर २००७ मध्ये न्यायाधीश एलन ह्युव्हेल यांनी काम थांबवलं. संस्था खूश. त्याच महिन्यात चेर्टॉफ यांनी ज्या कायद्यांच्या जोरावर स्टे मिळाला होता, तेच तिथल्या कामापुरते बाजूला ठेवले. झालं! आता तक्रार करायची ती कोणता कायदा मोडला म्हणून? डिसेंबरमध्ये खटला निकाली निघाला आणि जून २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ऐकायलाही नकार दिला.

४. साठ दिवस, एकच मुद्दा आणि मधला मजलाच नाही

मंत्र्याच्या या अधिकाराला आव्हान द्यायचं तर नियम बघा. मुद्दा एकच चालतो, संविधानभंगाचा. मंत्र्याने अधिकाराचा अतिरेक केला, अभ्यास केला नाही, घाई केली, हे मुद्दे त्या दारातून आत येत नाहीत. मुदत ६० दिवसांची. जिल्हा कोर्टात हरलात तर अपील कोर्टाचा मजला गाळून थेट सुप्रीम कोर्टाकडे विनंती करायची. तिथे दरवर्षी हजारो अर्ज येतात आणि सुनावणीला साठ-सत्तर घेतले जातात. भिंतीच्या बाबतीत या वाटेने गेलेले अर्ज २००८, २००९, २०१८ आणि २०२० मध्ये फेटाळले गेले. २००९ चा अर्ज टेक्सासच्या एल पासो काउंटीचा होता. तिच्यासोबत इस्लेटा देल सुर पुएब्लो ही आदिवासी जमातही होती.

५. आजारी कोंबडीचा आधार

संविधानाचाच मुद्दा हवा ना? मग वकिलांनी तो शोधून काढला. कायदे करायचं काम संसदेचं. एका मंत्र्याला हवे ते कायदे गुंडाळू देणं म्हणजे संसदेने आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं, असा हा युक्तिवाद. ऐकायला बिनतोड. अडचण एवढीच की या मुद्द्यावर सुप्रीम कोर्टाने फेडरल कायदा उडवल्याची उदाहरणं दोन, आणि दोन्ही १९३५ सालची. एक तेलाचं प्रकरण, दुसरं ब्रुकलिनच्या कोंबडीविक्रेत्यांचं. खाण्यालायक नसलेली कोंबडी विकल्याचाही आरोप असल्याने ते 'आजारी कोंबडीचं प्रकरण' म्हणून कायद्याच्या वर्गात आजही शिकवतात. त्यानंतर आज जवळपास नव्वद वर्षं झाली, तरी या मुद्द्यावर कुणाची डाळ शिजलेली नाही. भिंतवाल्या खटल्यांचीही शिजली नाही.

६. ज्यांना 'मेक्सिकन' म्हणून हिणवलं, त्यांनीच निकाल दिला बाजूने

२०१६ च्या प्रचारात डोनाल्ड ट्रम्प यांनी न्यायाधीश गोन्झालो कुरिएल यांच्यावर तोंडसुख घेतलं होतं. निमित्त होतं त्यांच्यापुढे चाललेल्या ट्रम्प विद्यापीठाविरुद्धच्या दाव्याचं. हे गृहस्थ मेक्सिकन वंशाचे, मला न्याय काय देणार, असा एकूण सूर. कुरिएल यांचा जन्म खरं तर इंडियाना राज्यातला. पुढे योगायोगाने भिंतीविरुद्धचे तीन खटले एकत्र होऊन त्यांच्याच पुढ्यात आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी निकाल दिला ट्रम्प सरकारच्या बाजूने! भिंत शहाणपणाची आहे की नाही हे ठरवणं कोर्टाचं काम नाही, असं त्यांनी निकालात स्पष्ट केलं. त्यासाठी दाखला दिला सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचा आणि तेही आपल्यासारखेच इंडियानाचे आहेत, याची आठवण करून दिली. टोला कुणाला होता, हे सांगायला वकील नको.

७. विमानाचं तिकीट दाखवा

आपल्याकडे जनहित याचिका कुणीही करू शकतो, कारण १९८१ च्या एस. पी. गुप्ता प्रकरणापासून 'तुमचा काय संबंध?' हा प्रश्न सुप्रीम कोर्टाने बराच सैल केला. अमेरिकेत तो प्रश्न आजही दारातच उभा असतो. १९९२ च्या 'लुहान' खटल्यात इजिप्तमधल्या मगरी आणि श्रीलंकेतले हत्ती वाचवायला निघालेल्या संस्थेला कोर्टाने विचारलं, नुकसान तुमचं काय? तिच्या सदस्यांचं म्हणणं होतं की आम्ही तिथे जाऊन आलो आहोत आणि पुन्हा जाणार आहोत. पण कधी, ते त्यांना सांगता येईना. 'कधीतरी जाऊ' एवढ्याने भागत नाही, असं ठरलं. त्याच निकालात एका न्यायमूर्तींनी विमानाच्या तिकिटाचाही उल्लेख केला.

म्हणून भिंतीच्या खटल्यांत संस्थांना आपले सदस्य उभे करावे लागतात. मी अमुक डोंगरात फिरायला जातो, तमुक झऱ्यावर पक्षी बघतो, भिंतीने माझं ते सुख जातं, असं त्यांनी शपथेवर सांगायचं. जग्वार आणि ऑसेलॉट यांची वाट अडते हे सगळ्यांना दिसतं. पण जग्वार काही प्रतिज्ञापत्र करत नाही.

८. तिजोरीच्या मालकालाच विचारलं, तुम्ही कोण?

२०१८-१९ च्या हिवाळ्यात भिंतीच्या पैशांवरून अमेरिकी सरकारचं कामकाज ३५ दिवस अर्धंमुर्धं बंद होतं. ट्रम्प यांनी मागितले होते ५.७ अब्ज डॉलर, संसदेने दिले १.३७५ अब्ज. १५ फेब्रुवारी २०१९ ला त्यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली आणि लष्कराच्या वेगवेगळ्या खात्यांतून आणखी अब्जावधी वळवायचं ठरवलं. आमच्यावर खटले होतील, खालच्या कोर्टांत आम्ही हरू आणि सुप्रीम कोर्टात बघून घेऊ, असं भाकीतही त्यांनी त्याच पत्रकार परिषदेत केलं.

पैसा कुठे खर्चायचा हे ठरवणं संसदेचं काम, म्हणून कनिष्ठ सभागृह कोर्टात गेलं. जून २०१९ मध्ये न्यायाधीश ट्रेव्हर मॅकफॅडन म्हणाले, सभागृहाला दावा करण्याचा हक्क नाही. सप्टेंबर २०२० मध्ये अपील कोर्टाने हक्क आहे असं ठरवलं. तेवढ्यात निवडणूक झाली, सरकार बदललं, भांडणच उरलं नाही आणि तो निकालही पुसला गेला.

९. पाच विरुद्ध चार

लष्कराचा पैसा असा वळवण्याविरुद्ध सिएरा क्लबला मे २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कोर्टात स्टे मिळाला. ट्रम्प यांच्या भाकिताचा पहिला भाग खरा ठरला. २६ जुलैला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो उठवला आणि २.५ अब्ज डॉलरच्या कामाला वाट मोकळी झाली. कारण जेमतेम एका वाक्याचं होतं. लष्कराच्या खर्चाचे नियम पाळले की नाही, हे तपासून मागण्याचा अधिकार या फिर्यादींना बहुधा नसावा, एवढंच. न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी मधला मार्ग सुचवला होता की कंत्राटं करू द्या, बांधकाम मात्र थांबवा. तो मानला गेला नाही.

जून २०२० मध्ये अपील कोर्टात सिएरा क्लब जिंकला. पण सुप्रीम कोर्टाने काम थांबवायला पुन्हा ५-४ ने नकार दिला. अंतिम सुनावणी फेब्रुवारी २०२१ मध्ये होती, तीही जो बायडेन यांनी बांधकाम थांबवल्यामुळे रद्द झाली. तोवर ट्रम्प यांच्या चार वर्षांत साडेचारशे मैलांच्या आसपास काम झालेलं होतं, त्यातलं बरंचसं जुन्या कुंपणाच्या जागी. २०२३ मध्ये समझोता झाला आणि वन्यप्राण्यांना जायला भिंतीत मोठी दारं ठेवायचं ठरलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

१०. प्रतिवादी: साडेसहा एकर जमीन

टेक्सासमधल्या खटल्यांची नावं वाचून हसू येतं. 'अमेरिका विरुद्ध ६.५८४ एकर जमीन' हे खऱ्या खटल्याचं नाव आहे! भूसंपादनात तिथे दावा लागतो जमिनीवरच. मालकाचं नाव त्यानंतर.

टेक्सासच का? कारण १९०७ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत सीमेलगतची ६० फुटांची सरकारी पट्टी राखून ठेवली. टेक्सास १८४५ साली अमेरिकेत सामील झालं, तेच आपल्या सरकारी जमिनी स्वतःकडे ठेवून. त्यामुळे तिथल्या नदीकाठी खासगी मालक फार. काहींच्या जमिनीची सनद अठराव्या शतकातल्या स्पॅनिश राजवटीची.

या मालकांना सरकारला थोपवता येत नाही का? १९३१ च्या कायद्यानुसार सरकारने कोर्टात घोषणापत्र आणि अंदाजे किंमत जमा केली की मालकी लगेच सरकारकडे जाते. पुढे वाद चालतो तो मुख्यतः मोबदल्याचा, आणि तो वर्षानुवर्षं चालतो. आपल्याकडच्या प्रकल्पग्रस्तांना हे वेगळं सांगायला नको. बायडेन यांनी एक फूटही भिंत बांधणार नाही असं म्हटलं होतं. तरी मागच्या सरकारचा दावा मागे घेतला गेला नाही आणि ही साडेसहा एकरं एप्रिल २०२१ मध्ये कोर्टाने सरकारच्या ताब्यात दिली.

११. फुलपाखरं हरली, मग जिंकली, पण दुसरीकडे

टेक्सासच्या मिशन गावात 'नॅशनल बटरफ्लाय सेंटर' आहे. न विचारता सरकारी कंत्राटदार आमच्या बागेत शिरले, झाडं तोडू लागले, असं म्हणत डिसेंबर २०१७ मध्ये ही संस्था कोर्टात गेली. फेब्रुवारी २०१९ मध्ये खटला निकाली निघाला. घराच्या अंगणाला झडतीपासून जे संरक्षण असतं, ते मोकळ्या रानाला नसतं, असा अमेरिकेतला जुना नियम आडवा आला. ऑक्टोबर २०२० मध्ये अपील कोर्टाने एक मुद्दा तेवढा जिवंत केला.

तिथून जवळच ला लोमिता नावाचं छोटंसं पांढरं चर्च आहे. भिंत झाली तर भाविकांची वाट अडेल, म्हणून तिथल्या बिशपनी जमिनीच्या मोजणीलाही नकार दिला होता. फेब्रुवारी २०१९ च्या सुरुवातीला कोर्टाने मोजणीला परवानगी दिली. आणि नवव्या दिवशी चित्र पालटलं! त्या वर्षीच्या खर्चाच्या कायद्यात संसदेने लिहून टाकलं की या पैशातून फुलपाखरांच्या बागेत, ला लोमितात आणि शेजारच्या काही उद्यानांत भिंत बांधायची नाही. कोर्टात जे मिळालं नाही, ते बजेटात मिळालं.

१२. या नदीत नाव चालते का हो?

जुलै २०२३ मध्ये टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी ईगल पास गावाजवळ रिओ ग्रांदे नदीत सुमारे हजार फुटांची मोठमोठ्या तरंगत्या गोळ्यांची रांग टाकली. या खेपेला फिर्यादी होतं खुद्द केंद्र सरकार. त्यांनी १८९९ चा कायदा काढला. जलवाहतुकीच्या नदीत परवानगीशिवाय अडथळा उभारता येत नाही.

सगळा खटला मग एका प्रश्नावर आला, ही नदी जलवाहतुकीची आहे का? होड्यांची जुनी वर्णनं निघाली, १८४८ चा तह निघाला. सप्टेंबरमध्ये कोर्टाने गोळे काठाला आणायला सांगितलं, डिसेंबरमध्ये अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी २-१ ने दुजोरा दिला. जुलै २०२४ मध्ये त्याच कोर्टाच्या पूर्ण पीठाने ११ विरुद्ध ७ मतांनी चक्रं उलटी फिरवली. त्या पट्ट्यात नाव चालते हे सरकार सिद्ध करू शकेल असं दिसत नाही, म्हणून गोळे राहू द्या. माणसांच्या स्थलांतराचा वाद, आणि निकाल होड्यांवर!

१३. ट्रम्प सरकार भिंतीच्या विरोधात

डिसेंबर २०१९. फिर्यादी अमेरिकी सरकार, तक्रार भिंतीविरुद्ध. खोटं वाटतं ना? मिशनजवळ नदीच्या अगदी काठाला सुमारे तीन मैलांचं खासगी कुंपण उभं राहत होतं, लोकवर्गणीच्या एका मोहिमेचा त्याला पाठिंबा होता. पण मेक्सिकोबरोबर १९७० साली झालेल्या करारानुसार पुराचं पाणी दुसऱ्या देशावर ढकलेल असं बांधकाम नदीपात्रात करता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये कोर्टाने कामाला मोकळीक दिली, कुंपण झालं आणि २०२२ मध्ये समझोता झाला. वर्गणी गोळा करणाऱ्यांवर मात्र पैशांच्या अफरातफरीचे फौजदारी खटले झाले.

१४. भिंत का नाही बांधली? चला कोर्टात!

बायडेन आले, काम थांबलं, आणि खटल्यांची दिशाच फिरली. टेक्सास आणि मिझुरी राज्यांनी दावा लावला की संसदेने भिंतीसाठी दिलेला पैसा भिंतीवरच खर्च करा. मार्च २०२४ मध्ये कोर्टाने तसा आदेश दिला.

त्याहून गमतीचा खटला वॉशिंग्टनमध्ये झाला. काम थांबवण्याआधी त्याच्या परिणामांचा पर्यावरण-अभ्यास केला नाही, अशी तक्रार स्थलांतराला आळा घालू पाहणाऱ्या गटाने आणि ॲरिझोनातल्या एका पशुपालकाने केली. सप्टेंबर २०२४ मध्ये कोर्टाने ती मान्य केली. म्हणजे भिंत बांधताना जो पर्यावरण कायदा मंत्री बाजूला ठेवत होते, तोच भिंत न बांधणाऱ्यांना भोवला. न्यायाधीश कोण? संसदेच्या सभागृहाला माघारी धाडणारे तेच मॅकफॅडन.

मधल्या काळात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, बायडेन यांच्याही मंत्र्याने टेक्सासच्या स्टार काउंटीत २६ कायदे बाजूला ठेवून भिंतीला वाट करून दिलीच. पैसे २०१९ च्या बजेटातले, ते वळवता येत नाहीत, असं कारण सांगितलं गेलं.

१५. पुढची तारीख

जुलै २०२५ मध्ये संसदेने भिंतीसाठी ४६.५ अब्ज डॉलर मंजूर केले. २०१९ मध्ये ज्या रकमेवरून सरकार ३५ दिवस अडलं होतं, तिच्या आठपट. कायदे बाजूला ठेवणाऱ्या नव्या सह्याही त्याच वर्षी सुरू झाल्या. ॲरिझोनातल्या सान राफाएल खोऱ्यात जग्वारची वाट अडते म्हणून पर्यावरण संस्था पुन्हा कोर्टात गेल्या आहेत. मुद्दा तोच, मंत्र्याला एवढा अधिकार देणं संविधानात बसतं का?

यापुढे 'भिंतीविरुद्ध खटला दाखल' अशी बातमी वाचलीत तर तीन गोष्टी आधी बघा. फिर्यादीचं स्वतःचं नुकसान काय? मुद्दा संविधानाचा आहे की साध्या कायद्याचा? आणि निकाल लागेपर्यंत काम थांबलंय का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर सरकार निम्मं जिंकलेलंच असतं. भिंत हवी की नको, हा प्रश्न अमेरिकेत सुटतो निवडणुकीत आणि बजेटाच्या बारीक अक्षरांत. मिशनच्या फुलपाखरांची बाग वाचवणारी ओळ तिथेच लिहिली गेली.